वहाणेचा कर्ता

दोन वर्षांपूर्वीं उन्हाळ्याच्या आरंभीं बोईसरचे एक परिचित गृहस्थ आमच्याकडे आले. तारापूरच्या औद्योगिक वसाहतींतील एका रासायनिक कारखान्यांत त्यांची उभी हयात गेलेली. घरचें मूळ शेतीचें. आणि कन्या नुकतीच बारावीच्या परीक्षेस बसलेली. तिला रसायनशास्त्राकडे घालावें असें त्यांच्या मनांत होतें, कारण ज्या गांवीं आपण राहतों तेथें पोट भरण्याचा तोच राजमार्ग, असा त्यांचा तीस वर्षांचा अनुभव. कन्येनें मात्र आपणांस पादत्राणांचें डिझाइन शिकावयाचें आहे, त्याकरितां निराळी प्रवेशपरीक्षा असते व तिची तयारीहि आपण चालविली आहे, असें एके रात्रीं जेवतांना सांगून सर्व घरास चकित केलें. गृहस्थ गप्प राहिले. आजीबाईंनीं मात्र एका वाक्यांत निकाल दिला : "एवढें शिकून सवरून शेवटीं लोकांच्या पायांशींच बसायचें ना?"

यावर आपलें मत काय, हें विचारावयास गृहस्थ आले होते. त्या दिवशीं आम्हांस कांहीं नीटसें सांगतां आलें नाहीं. आजीबाईंचा प्रश्न त्या एकट्या म्हातारीचा नव्हता, आणि त्याचें वय तिच्याहून पुष्कळच अधिक होतें. पायांत घालावयाच्या प्रत्येक वस्तूचा घाट कोणी तरी योजिलेला असतो; तो कोणी योजिला हें आपण इतक्या पिढ्या विचारलें कां नाहीं, हा त्या प्रश्नाच्या पोटांतला खरा प्रश्न. त्याचा मागोवा घेत गेलों, तेव्हां आरंभ सांपडला तो आपल्याच पालघर जिल्ह्यांत. बोईसरहून गाडीनें दक्षिणेस निघालें असतां विरारच्या पुढें जें स्थानक लागतें त्या नालासोपाऱ्याच्या आसमंतांत.

'वहाण' हा आपला नित्याचा शब्द. संस्कृत 'उपानह्', पाली 'उपाहना' आणि मराठी 'वहाण'. वापरून वापरून शब्दहि वहाणेसारखाच झिजला आहे. या उपाहनेचा पाली वाङ्मयांतील सविस्तर वृत्तांत विनयपिटकाच्या महावग्गांत पांचव्या खंडांत आहे. त्या खंडाचें नांवच 'चम्मक्खंधक', म्हणजे चामड्याचें प्रकरण. कै. धर्मानंद कोसंबी यांनीं पाली वाङ्मयाची वाट मराठी वाचकांस मोकळी करून दिली त्याला आतां शतक उलटून गेलें. पण भिक्षूंच्या आचारनियमांचें हें पुस्तक चपलांचा इतिहास म्हणून वाचावें, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं.

कथा अशी कीं, चंपानगरीचा सोण कोळिविस नांवाचा श्रेष्ठिपुत्र भिक्षु झाला. तो इतका सुकुमार कीं त्याच्या तळव्यांवर केस उगवलेले असत. अनवाणी चंक्रमण करतां करतां त्याचे पाय फुटले आणि चालण्याची वाट रक्तानें भिजली. बुद्धानें त्याला एकपदरी वहाण वापरण्याची परवानगी दिली. सोणानें ती नाकारली. ऐशीं गाड्या सोनें सोडून जो आला तो आतां वहाणेला चिकटला असें लोक म्हणतील. संघाला परवानगी असेल तर मी घालीन, नाहीं तर नाहीं, असें त्याचें म्हणणें. तेव्हां सर्व संघाला एकपदरी वहाणेची मोकळीक मिळाली. परवानगी मिळाली कीं तिचा अतिरेक आलाच. 'षड्वर्गीय' म्हणून जे सहा उनाड भिक्षु विनयांत पदोपदीं भेटतात, त्यांनीं निळ्या, पिवळ्या, तांबड्या, मंजिष्ठ रंगाच्या, काळ्या, अशा नाना रंगांच्या वहाणा घालावयास प्रारंभ केला. नंतर पट्ट्यांचे रंग बदलले. त्यानंतर घाट बदलले : टांच झांकणाऱ्या, पोटरीपर्यंत चढणाऱ्या, आंत कापूस भरलेल्या, तित्तिर पक्ष्याच्या पंखासारख्या चित्रविचित्र, मेंढ्याच्या शिंगासारखें टोंक काढलेल्या, बोकडाच्या शिंगासारख्या, विंचवाच्या नांगीसारख्या, मोरपिसांनीं शिवलेल्या. प्रत्येक प्रकारावर लोक कुरकुरले, 'हे तर भोग भोगणारे गृहस्थ!' असें म्हणाले, आणि प्रत्येक प्रकाराला बंदी झाली. मग कांहीं भिक्षु लांकडी खडावा घालून पहाटे खटखट करीत आणि राजांच्या व चोरांच्या गप्पा मोठ्यानें मारीत हिंडूं लागले. ध्यानस्थ भिक्षूंची समाधि मोडूं लागली. खडावा बंद. त्यांनीं कोवळे ताड तोडून ताडपत्राच्या पादुका केल्या. झाडें सुकूं लागलीं म्हणून लोक रागावले. त्याहि बंद.

नियम करणाऱ्यास नियमाचें कारण सांगावें लागतें, त्यामुळें त्या काळच्या बाजारांतील सारा माल या प्रकरणांत अनायासें नोंदला गेला. आजच्या एखाद्या मोठ्या दुकानाच्या चित्रमय पुस्तिकेंत याहून अधिक काय असतें? रंग, पट्टा, टांच, टोंक, अस्तर, शिवण. घाट ठरविणाऱ्याचे सगळे विषय येथें आलेले आहेत.

याच प्रकरणाच्या शेवटीं दुसरा एक सोण येतो, सोण कुटिकण्ण. महाकात्यायनाचा हा शिष्य अवंति-दक्षिणापथांतला. गुरूच्या वतीनें तो बुद्धापुढें पांच मागण्या ठेवतो, आणि त्यांतील एक वहाणेची आहे : आमच्या देशांतील भूमि वरून काळी, खरखरीत आणि गुरांच्या खुरांनीं तुडवून कांट्यांसारखी झालेली आहे, तरी तेथें अनेकपदरी तळाच्या वहाणेस अनुज्ञा असावी. बुद्धानें ती दिली. वैशाखांतील काळ्या रानांत, चिखलांत उमटलेले आणि मग उन्हानें दगडासारखे झालेले खुरांचे ठसे ज्यानें अनवाणी तुडविले असतील, त्याला या मागणीचें मर्म सांगावें लागत नाहीं. याच कथेच्या संस्कृत रूपांत, दिव्यावदानांत, सोणाचा देश 'अश्मापरांतक' असा दिला आहे. आणि अपरांत म्हणजे आपली ही पश्चिम किनारपट्टी, जिचें महाद्वार शूर्पारक, म्हणजे आजचा सोपारा. तेथील 'बुरुड राजाचा कोट' या नांवाच्या टेकाडांत पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ सालीं स्तूप उघडून आंतील पाषाणपेटी बाहेर काढली, आणि त्याच वर्षीं अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडाहि सोपाऱ्यास मिळाला. धर्मोपदेशक, व्यापारी आणि बैलांचे तांडे घाट उतरून या बंदरास येत, ते जाड तळाच्या वहाणा घालूनच येत असले पाहिजेत.

येथपर्यंत वहाणेविषयीं सर्व कांहीं मिळतें. कोणी घातली, कोठें घातली, कोणीं नांवें ठेवलीं, कोणी बंद केली. मेंढ्याच्या शिंगासारखें टोंक काढण्याची कल्पना कोणाला सुचली, तेवढें मात्र नाहीं. शहाण्या भिक्षूंचीं आणि उनाड भिक्षूंचीं नांवें आहेत, चर्मकाराचें नाहीं.

पुढें तर वहाणेचा मान आणि वहाण करणाऱ्याचा मान यांच्या वाटा पार वेगळ्या झाल्या. रामाच्या पादुकांना भरतानें सिंहासन दिलें. आषाढी वारीस आळंदीहून आणि देहूहून पालखींतून जातात त्या पादुकाच. पादुकांपुढें मस्तक ठेवणाऱ्या समाजानें त्या घडविणाऱ्या हाताला मात्र गांवाच्या कडेला घर दिलें, आणि वर 'पायांतली वहाण पायांतच बरी' ही म्हण केली. म्हण वहाणेविषयीं आहे असें आपण मुलांना सांगतों. ती कोणाविषयीं आहे हें मुलांस आपोआप कळतें.

या दीर्घ मौनांत एक नांव ऐकूं येतें तें बाराव्या शतकांतील कल्याणचें. हें कल्याण म्हणजे ठाण्याजवळचें नव्हे, तर बिदर जिल्ह्यांतील बसवकल्याण. शिवशरणांच्या परंपरेप्रमाणें हरळय्या नांवाच्या चर्मकारानें बसवेश्वरांस नमस्कार केला, आणि बसवेश्वरांनीं उलट दुप्पट नमस्कार केला. त्या नमस्काराचें ऋण फेडावयाचें म्हणून हरळय्या व त्याची पत्नी कल्याणम्मा यांनीं आपल्या मांडीचें कातडें काढून त्यांच्यासाठीं पादत्राणें केलीं. बसवेश्वरांनीं तीं पायांत न घालतां मस्तकीं धरलीं. पुढें याच हरळय्याच्या मुलाचा विवाह मधुवरस या ब्राह्मण शरणाच्या कन्येशीं झाला, आणि त्या अपराधाबद्दल बिज्जल राजानें दोन्ही व्याह्यांस देहांत शासन दिलें, असें परंपरा सांगते. कोल्हापुरी वहाणेचा उगम याच काळांत दाखविण्याची रीत आहे. तिच्याविषयीं आम्ही आग्रह धरीत नाहीं. आमचें लक्ष दुसरीकडे आहे. हरळय्याचें नांव राहिलें तें त्याच्या त्यागामुळें आणि वधामुळें. त्याच्या हातची वहाण कशी होती, हें सांगणारा एकहि शब्द परंपरेनें जतन केलेला नाहीं. चर्मकाराला इतिहासांत शिरावयाचें तर स्वतःचें कातडें द्यावें लागतें. उत्तम कातडें कमावून भागत नाहीं.

आतां कोल्हापूरकडे वळूं, कारण आपल्याकडे वहाणेच्या घाटाचा विचार जितका कोल्हापूर, सांगली आणि खालीं निपाणी-अथणी या टापूंत झाला तितका अन्यत्र झालेला नाहीं. पुणेरी जोड्याचा दिमाख कांहीं काळ होता, पण तो पगडीबरोबर गेला. कोल्हापुरी अद्याप पायांत आहे.

ही वस्तु बाहेरून पाहतां अगदीं साधी. एक तळ, एक आडवा पट्टा, अंगठ्याची एक कडी. पण ती एका हातची नव्हे. ढोर समाजानें कातडें कमवावयाचें, तें बाभळीच्या सालींत आणि हिरड्याच्या पाण्यांत. त्याला घाई चालत नाहीं, आणि या कमावणीमुळेंच कातड्यास तो पिंगट मधासारखा रंग चढतो. तळाला म्हशीचें जाड कातडें, वेणीला आणि वरच्या नाजुक कामाला शेळीचें. चर्मकारानें रापीनें तळ कापावयाचा, पाण्यांत भिजवून ठोकून घट्ट करावयाचा, टांचेचा तुकडा बसवावयाचा आणि कातड्याच्याच वादीनें शिवावयाचें. खिळा नाहीं. घरांतील स्त्रियांनीं वेण्या वळावयाच्या, पट्ट्यावर ठसे पाडावयाचे, गोंडे करावयाचे. नवा जोड पहिले कांहीं दिवस चावतो. मग पायाच्या उष्णतेनें व घामानें तळ हळूहळू पायाचा ठसा घेतो, आणि मग तो जोड दुसऱ्या कोणाच्या पायांत नीट बसत नाहीं. म्हणजे घाटाचें शेवटचें काम घालणाराच करतो. कारागिरानें हें ओळखून तळांत तेवढी जागा ठेवलेली असते. हें ज्ञान कागदावर नाहीं. तें बापाच्या हातून मुलाच्या हातांत आणि सासूच्या हातून सुनेच्या हातांत जातें.

आणि प्रकार किती! कापशी, पायताण, कचकडी, बक्कलनाळी, पुकरी. कापशी हें तर कागल तालुक्यांतील गांवाचेंच नांव. ज्या गांवीं वहाण झाली त्या गांवाचें नांव तिला लाभलें. ज्यानें केली त्याचें लाभलें नाहीं. अपवाद म्हणून एकच आख्यायिका सांगण्यासारखी आहे. १९२० च्या सुमारास कोल्हापुरांतील सौदागर घराण्यानें जुन्या जड पायताणाला फांटा देऊन पातळ तळाची, दोन्ही बाजूंस लहान कान असलेली 'कानवाली' वहाण तयार केली, ती मुंबईच्या एका दुकानीं विक्रीस पाठविली, आणि शहरी लोकांस ती इतकी आवडली कीं पुढें कोल्हापुरी म्हणजे तीच असें समीकरण झालें, अशी ही हकीकत. आज आपण ज्या वहाणेस कोल्हापुरी म्हणून ओळखतों ती हजार वर्षांची नसून शंभर वर्षांची आहे, आणि ती 'आपोआप' झालेली नसून कोणी तरी विचार करून, कांहीं काढून व कांहीं ठेवून केलेली आहे, असा तिचा अर्थ होतो. शेतकऱ्याची वहाण कचेरींत जाणाऱ्याच्या पायांत कशी बसेल, हा प्रश्न ज्यानें स्वतःस विचारला तो डिझायनर नव्हे तर काय?

युरोपांत चांभाराचा धंदा आपल्याकडील जातीइतका कोंडलेला नव्हता, तरी तो प्रतिष्ठित होता असेंहि कोणी समजूं नये. नेपल्सपासून आंत बोनितो नांवाचें खेडें आहे. तेथील एका शेतकऱ्याच्या चौदा मुलांतील अकरावा मुलगा साल्वातोरे फेरागामो (जन्म १८९८) याला लहानपणापासून जोडे करण्याचा ध्यास. आईबाप म्हणत कीं, हा धंदा सर्वांत हलका, घराण्याला कमीपणा आणणारा. पोर नऊ वर्षांचें असतांना बहिणीच्या धर्मसंस्काराच्या आदल्या रात्रीं घरांत तिच्यासाठीं पांढरे जोडे नव्हते. त्यानें शेजारच्या चांभाराकडून साहित्य मागून आणलें आणि सकाळपर्यंत जोडे करून ठेवले. मग विरोध मावळला. पुढें तो अमेरिकेस गेला, तेथें विद्यापीठांत शरीररचनाशास्त्र शिकला, कारण शरीराचा भार पायाच्या नेमक्या कोणत्या कमानीवर पडतो हें त्याला कळून घ्यावयाचें होतें. आणि परत येऊन फ्लॉरेन्स येथें त्यानें आपल्या नांवाची पेढी काढली. १९५७ सालीं आत्मचरित्र लिहिलें, त्यांत ही सारी हकीकत आहे. बोनितोच्या त्या आईबापांत आणि बोईसरच्या आजीबाईंत आम्हांस फारसें अंतर दिसलें नाहीं. अंतर आहे तें पुढच्या भागांत : त्या मुलाला आपलें नांव जोड्यावर घालतां आलें.

आपल्याकडे विसाव्या शतकांत या धंद्याचा कलंक पुसण्याचा प्रयत्न झाला, आणि तो गांधीजींनीं स्वतःच्या हातांनीं केला. दक्षिण आफ्रिकेंत टॉलस्टॉय फार्मवर त्यांचे मित्र कॅलेनबाख हे ट्रॅपिस्ट साधूंच्या मठांतून वहाणा करण्याची विद्या शिकून आले व त्यांनीं ती गांधीजींस शिकविली. तुरुंगांत केलेला एक जोड गांधीजींनीं जनरल स्मट्स यांस भेट दिला. स्मट्स यांनीं तो कित्येक उन्हाळे वापरला आणि १९३९ मध्यें, गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवशीं, परत पाठविला. पुढें वर्ध्याजवळ नालवाडीस गोपाळराव वाळुंजकर यांनीं चर्मालय चालविलें, तें मेलेल्या जनावरांच्याच कातड्याचें. शिकलेल्या, वरच्या जातींत जन्मलेल्या माणसांनीं कातडें सोलण्यापासून सर्व कामें हातीं घेतलीं, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती. तरी आम्हांस एक सांगावेंसें वाटतें. या चळवळीनें कातड्याचा विटाळ घालविण्याचा यत्न केला. कारागिराच्या बुद्धीला नांव देणें हा तिचा विषय नव्हता. साधेपणा हें जेथें ब्रीद, तेथें घाटाचा अभिमान कोणी बाळगावा? तोंवर १९३१ सालीं बाटा कंपनी हिंदुस्थानांत आली होती. चेकोस्लोव्हाकियांतील या कंपनीनें आपलें नांव इतकें घरोघर नेलें कीं पुष्कळांस ती देशीच वाटे. तिच्या कारखान्यांत रेखाटणारा वेगळा, कापणारा वेगळा, शिवणारा वेगळा. हात आणि कल्पना यांची फारकत येथून पक्की झाली. पुढें कल्पनेसाठीं पदवी निघाली, आणि हातासाठीं रोजंदारी राहिली.

महाराष्ट्र शासनानें १९७४ सालीं चर्मोद्योगासाठीं महामंडळ काढलें, त्याला आज संत रोहिदास यांचें नांव आहे. २०१९ मध्यें या महामंडळास आणि कर्नाटकाच्या तशाच महामंडळास मिळून कोल्हापुरी चपलेचें भौगोलिक मानांकन मिळालें. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपले चार जिल्हे, आणि बेळगांव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे पलीकडचे चार. एरवीं सीमेवर भांडणारीं दोन राज्यें चपलेच्या बाबतींत एक झालीं, हें गमतीचें खरें. परंतु मानांकन म्हणजे काय हें नीट पाहावें. तें जागेचें नांव राखतें. घाटाची राखण करणारा कायदा निराळा आहे, २००० सालचा. त्याखालीं नोंद होते ती नव्या, पूर्वीं कोठें प्रसिद्ध न झालेल्या आकृतीची, आणि ती दहा वर्षें व फार तर आणखी पांच वर्षें टिकते. पिढ्यानुपिढ्या चालत आलेल्या घाटाला त्यांत जागा नाहीं. जुन्या कारागिराची वस्तु इतकी सर्वांची झालेली असते कीं ती त्याची एकट्याची उरत नाहीं.

मग जून २०२५ मध्यें मिलानला प्रादा या इटालियन पेढीनें पुरुषांच्या पोशाखांचें प्रदर्शन केलें, आणि त्यांत कोल्हापुरीसारख्या, नव्हे कोल्हापुरीच म्हणाव्या अशा वहाणा चालत आल्या. भारताचें नांव कोठें नव्हतें. येथें गहजब झाला. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सनें पत्र लिहिलें. पेढीनें या वहाणांची प्रेरणा भारतीय कारागिरींतून आल्याचें मान्य केलें. उच्च न्यायालयांत याचिका झाली ती फेटाळली गेली. पेढीचीं माणसें कोल्हापुरास येऊन पाहून गेलीं. आणि डिसेंबरांत दोन्ही महामंडळांशीं करार होऊन दोन हजार जोड येथेंच करून घेण्याचें जाहीर झालें. किंमत सुमारें आठशें युरो, म्हणजे ऐंशीं हजार रुपयांहून अधिक. कोल्हापुरांत साधा जोड हजार रुपयांच्या आसपास मिळतो. या सर्व प्रकरणांत मराठी वर्तमानपत्रांनीं कोल्हापूरचा अभिमान पुष्कळ मिरविला, आणि आम्हींहि तो वाचून सुखावलों, हें कबूल केलें पाहिजे. पण त्या महिन्यांतील बातम्या पुन्हां काढून वाचल्या तर इटालियन पेढीचें नांव, तिच्या अधिकाऱ्यांचीं नांवें, मंत्र्यांचीं, वकिलांचीं नांवें आढळतात. कारागीर येतात ते बहुवचनांत.

हें असेंच चालावयाचें, असा नियम मात्र नाहीं. आणि त्याचा पुरावा पुन्हां आपल्याच जिल्ह्यांत आहे. बोईसरहून उत्तरेस डहाणू तालुक्यांत गंजाड नांवाचें गांव आहे. वारली घरांत लग्नाच्या वेळीं भिंतीवर तांदुळाच्या पिठानें चौक लिहिला जाई, तो सवाशिणींनीं. आणि त्यांतील एकीचेंहि नांव भिंतीवर किंवा पुस्तकांत नसे. १९७० नंतरच्या पहिल्या वर्षांत भास्कर कुलकर्णी नांवाचे चित्रकार तेथें गेले, त्यांनीं कागद व रंग दिले, आणि जिव्या सोमा मशे या माणसानें चौकाबाहेरची चित्रें काढावयास प्रारंभ केला : मासेमारीचें जाळें, वारुळ, शेत, गाडी. २०११ मध्यें त्यांस पद्मश्री मिळाली. २०१८ मध्यें ते वारले. आज चित्राखालीं चित्रकाराची सही असते. सवाशिणींचीं नांवें तशींच गेलीं, ही खंत आहेच, आणि बाहेरचा कोणी येऊन कागद देईपर्यंत थांबावें लागलें हीहि आहे. तरी भिंतीवरच्या अनामिक कलेला एका पिढीच्या आंत कर्ता मिळूं शकतो, एवढें गंजाडनें दाखविलें. विशेष हें कीं त्याच वारली आकृति आतां चपलांच्या पट्ट्यांवर आणि कापडी बुटांवर छापलेल्या मिळतात, आणि तेथें पुन्हां सही नसते.

हें सर्व गृहस्थांस सांगण्यास आम्ही पुढच्या रविवारीं बोईसरास गेलों. ऐकून घेऊन त्यांनीं विचारलें तें अगदीं व्यवहाराचें : शिकावयाचें कोठें, आणि त्यांत शिकवितात तरी काय? पहिल्याचें उत्तर कन्येनेंच दिलें. मुंबईस वांद्र्याजवळ खेरवाडीच्या शासकीय तंत्रनिकेतनांत चर्मवस्तु व पादत्राणें यांची पदविका आहे. आणि केंद्र सरकारनें १९८६ सालीं पादत्राणांच्या शिक्षणासाठीं जी संस्था काढली, जिला २०१७ च्या कायद्यानें राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळाला, तिची एक शाखा गुजरातेंत अंकलेश्वर येथें आहे. दोन्ही जागा आपल्याच रेल्वेच्या रुळांवर. एक दक्षिणेस, एक उत्तरेस.

दुसऱ्याचें उत्तर देतांना ती रंगली. पायाच्या आकाराचा जो ठोकळा असतो, फर्मा, त्यावर आधीं सगळें अवलंबून. टांचेची उंची अर्धा बोट बदलली तरी फर्मा बदलतो. फर्म्यावर चिकटपट्टी लपेटायची, तिच्यावर रेघा काढायच्या, ती कापून कागदावर सपाट पसरायची, आणि गोल वस्तु सपाट होतांना जी खोड राहते ती युक्तीनें जिरवायची. मग एका मापावरून सगळीं मापें काढायचीं. इंग्रजी मापांत एका नंबरांत आणि दुसऱ्यांत इंचाचा तिसरा हिस्सा, म्हणजे जवाच्या एका दाण्याइतकें अंतर. हें ऐकून आम्हांस कौटिल्याची आठवण झाली. त्याच्याहि कोष्टकांत आठ यवांचें एक अंगुल होतें. पायाचें माप जवानें घेण्याची बुद्धि दोन्हीकडे कशी झाली, हा विषय मोठा आहे. तूर्त तो बाजूस ठेवतों. पण तीं इंग्रजी मापें आपल्या पायांस बसत नाहींत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनें २०२१ ते २०२२ या काळांत देशभर एक लाखाहून अधिक माणसांचे पाय मोजविले, तेव्हां भारतीय पाऊल युरोपीय पावलापेक्षां पुढें अधिक रुंद असल्याचें दिसून आलें, आणि त्यावरून 'भा' नांवाची नवी मापपद्धति सुचविण्यांत आली. रुंदी कमी पडते म्हणून आपण लांबी अधिक असलेला जोड घेतों आणि मग तो टांचेंत निसटतो, ही रोजची गोष्ट. तिच्यामागें एवढें कारण आहे हें गृहस्थांस त्या दिवशीं प्रथमच कळलें. कारखान्यांतील लोखंडी टोंकाच्या बुटांनीं आपल्या करंगळीस तीस वर्षें जो घट्टा पाडला तो त्यांनीं मोजा काढून आम्हांस दाखविला.

आजीबाई ओटीवर बसून ऐकत होत्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत.

कन्या आतां गुजरातेंत शिकते. तिच्या वर्गांत चर्मकार कुटुंबांतून आलेलीं मुलें थोडीं आहेत, असें ती सांगते. जीं आहेत त्यांचे हात रापीवर तिच्यापेक्षां कितीतरी पटीनें चांगले, आणि रेखाटनाच्या तासाला मात्र तीं मागें बसतात. तिला स्वतःला रेघ सरळ येते, कातडें सरळ कापतां येत नाहीं. गेल्या दिवाळींत ती घरीं आली तेव्हां अभ्यासासाठीं म्हणून तिनें घरांतील सर्वांचे पाय मोजले. आजीबाईंस तिनें वर्तमानपत्रावर उभें केलें आणि खालीं बसून पेन्सिलीनें दोन्ही पावलांभोंवतीं रेघ ओढली. सारा जन्म भाताच्या खाचरांत अनवाणी गेलेलें तें पाऊल. बोटें पंख्यासारखीं पसरलेलीं, पंजा इतका रुंद कीं बाजारांतील स्त्रियांच्या कोणत्याच मापांत बसेना. "म्हणून तर मी पुरुषांची चप्पल आणतें," आजीबाई म्हणाल्या, "आणि तीहि मागून फटफट वाजते." मग त्यांनीं नातीस, अंगठ्याची कडी नको, अंगठा दुखतो, एक रुंद पट्टाच पुरे, असें बजावून सांगितलें. तो कागद घडी करून ती परत घेऊन गेली. जोड अद्याप व्हावयाचा आहे.